घरातले मोडी कागद: एआयकडून वाचून घ्यावेत की मोडीच्या जाणकाराकडून?

माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद सापडले आहेत, घराची वंशावळ लावायची आहे, आणि ते कोणाला दाखवावेत हे ठरत नाही. मला हे बरेच जण विचारतात. उत्तर एकच नाही. कागद कशासाठी वाचायचा आहे, त्यावर ते बदलतं.

यंत्राची बाजू झपाट्यानं बदलते आहे. संगणकावर अक्षरं लिहिण्याची जागतिक प्रणाली असलेल्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ साली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानाच्या छायाचित्रावरून थेट देवनागरी मजकूर काढण्याची पद्धत मांडली. त्यासाठी जमवलेली पानं होती २,०४३. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांपुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे, ही मूठभरच. पण वंशावळी शोधण्याच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळानं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि मृत्युपत्रांच्या हस्तलिखित नोंदींत मजकुरातून शोध घेण्याची सोय केली. मोडीत हे झालं, तर गावाचं नाव टाकून दफ्तरभर खापरपणजोबा शोधता येतील. हे एका माणसाच्या आयुष्यात होणारं काम नाही, म्हणून मला यंत्राची खरोखर आस आहे.

आजचं चित्र मात्र वेगळं आहे. घरच्या एका फारखतीचा (हक्क सोडल्याच्या कागदाचा) फोटो मी एका चॅटबॉटला दिला. त्यानं सफाईदार मराठी दिलं, पण त्यातलं एकही नाव कागदावर नव्हतं. तोच कागद जाणकारानं वाचला, तेव्हा तीन शब्द अडले, आणि तिथे त्यांनी प्रश्नचिन्हं ठेवली. त्या प्रश्नचिन्हांमुळेच बाकीच्या वाचनावर माझा भरवसा बसला.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सुटे नसतात. वरून नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत. ‘रामजी बिन गणोजी’, म्हणजे गणोजीचा मुलगा रामजी, एकाच घराण्यात दोनदा भेटतो. ते दोघं वेगळे ठरतात भावांच्या नावांवरून, शेताच्या चतुःसीमांवरून, सनावरून. सनाचंही सोपं नाही: इसवी सन काढायला जुन्या कागदांतल्या फसली सनात साधारण ५९० मिळवायचे, सुहूर सनात ५९९. गल्लत झाली की नऊ वर्षं सरकतात.

जातीच्या दाखल्यासाठी कागद लागणार असेल, तर यंत्राच्या वाचनावर विसंबू नका. मूळ नोंदीची प्रमाणित प्रत काढा आणि लिप्यंतर जाणकाराकडूनच घ्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांची, वही पाहायची असेल, तर मूळ गाव आणि आडनाव घेऊन स्वतः जा.

शंभर-दोनशे पानं असतील, तर मी आधी सगळ्यांचे नीट फोटो काढीन, यंत्राकडून ढोबळ वर्गवारी करून पाहीन आणि नावं असलेली पानं जाणकाराकडे नेईन.

एका ठिकाणी दोघंही हात टेकतात. जुन्या वंशवेलींत लेकी बहुधा नसतातच, आणि सुना असल्या तर सासरच्या नावानं. पणजीचं माहेर कुठलं, तिचं लग्नाआधीचं नाव काय, हे आजीला ठाऊक असतं. तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. मराठी बोलणं लिहून काढायला एआय खूप उपयोगी पडतं, फक्त नावं तिच्यासमोर वाचून तपासून घ्या. आजी ऐंशीच्या पुढे असेल, तर ट्रंक नंतर उघडा.