स्टेशनाबाहेरचा रानभाजी बाजार: शेवळं घ्या, पण काकडांसकट

पावसाच्या तोंडावर ठाणे, कल्याण, दादरच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. वजनकाटा नसतो, जुडी नाहीतर वाटा, एवढंच माप. सकाळी लवकर गेलात तर माल टवटवीत मिळतो, दुपारी उरलेल्या पाल्याने मान टाकलेली असते.

इथे पहिला मान शेवळांचा, म्हणजे रानसुरणाच्या फुलाच्या कोंबांचा. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. मिटलेले, टणक कोंब निवडा. उमललेल्या शेवळाला वास सुटतो. जुडीबरोबर काकडं, म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची छोटी आंबट फळं, मिळतात का, ते आधी विचारा. काही जणी मूठभर तशीच घालतात, काही वेगळे पैसे लावतात. ते द्यावेत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. काकडांचा आंबटपणा ती मारतो.

दोन जुड्यांना दहा-बारा काकडं लागतात. हाताला तेल लावून बाहेरचं आवरण सोला आणि आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा भाग काढून टाका. सगळ्यात जास्त खाजरा तोच. उरलेलं बारीक चिरून सढळ तेलात रंग बदलेपर्यंत परता. काकडं ठेचून बिया काढा, गर पाण्यात कोळून गाळा, ते पाणी शेवळांवर ओतून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. वाटण आणि कोलंबी त्यानंतर. कोलंबी आधी घातली तर ती चिवट होते आणि शेवळं कच्ची राहतात. काकडं नसतील तर लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ चालतो, चव मात्र तीच येत नाही. एवढं करून घास घशाला लागलाच, तर आणखी कोळ घालून पुन्हा शिजवा. मीठ-मसाला वाढवून काही होत नाही.

निवडून, चिरून पिशवीत भरलेली शेवळं हल्ली मिळतात. वेळ वाचतो खरा, पण पिवळा भाग काढलाय की नाही हे चिरल्यावर कळत नाही. घेऊ नयेत.

बाकीचा माल कमी कटकटीचा. टाकळा कोवळ्या पानांचाच घ्या. फुलावर आला की पान राठ होतं आणि उग्रपणा वाढतो. फोडशी दिसते गवतासारखी, माती बसते पातीच्या बुडात. मुळाकडचं टोक कापून, पाती सुट्या करून तीन-चार पाण्यांतून काढा, मग कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परता. कंटोळी हिरवी आणि लहान हवीत, पिवळटलेल्यांच्या बिया दाताखाली येतात. भारंगीचा पाला कडू. उकडून घट्ट पिळल्याशिवाय फोडणीत टाकू नका.

घासाघीस फार करू नये. ओळख पटवून, निवडून मिळतं त्याचेच निम्मे पैसे असतात, आणि रानातल्या सारख्या दिसणाऱ्या कोंबांत नवख्याने स्वतः हात घालण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. नाव माहीत नसलेली जुडी दिसली तर शिजवायची कशी ते तिथेच विचारा, बहुतेक जणी नीट सांगतात.