आरोल्सनचं ऑनलाइन दप्तर: नाव टाकण्याआधी कागद ओळखा

आरोल्सन अभिलेखागार म्हणजे नाझी छळाला बळी पडलेल्यांचे आणि त्यातून वाचलेल्यांचे कागद सांभाळणारी जर्मनीतली संस्था. तिचा ऑनलाइन संग्रह पूर्ण फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही, वापराच्या अटी मान्य केल्या की थेट मूळ कागदाचा स्कॅन समोर येतो. इथवर तक्रारीला जागाच नाही. घोळ होतो तो सर्चपाशी. लोक नुसतं आडनाव टाकतात. एक तर तीनशे नावं येतात, नाही तर एकही येत नाही, आणि दोन्ही वेळा मंडळी चुकीचा निष्कर्ष काढून बाहेर पडतात.

त्याचं मूळ या दप्तराच्या जन्मातच आहे. जर्मनीच्या हेसन राज्यातलं बाट आरोल्सन हे लहानसं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर बेपत्ता माणसांचा माग काढण्यासाठी मित्रराष्ट्रांनी नाझी छळछावण्यांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून हाती लागलेले कागद इथे जमवले. १९४८ पासून या खात्याला इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस म्हणत. १९५५ ते २०१२ या काळात कारभार रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे होता. संशोधकांना दार उघडलं ते २००७ मध्ये. २०१९ मध्ये आताचं नाव आलं आणि मोठा भाग ऑनलाइन झाला. सुमारे ३ कोटी कागद, त्यांत १ कोटी ७५ लाख माणसांचे उल्लेख. पण हे सगळं लावलं गेलं ‘अमुक माणूस कुठे आहे’ या एकाच प्रश्नासाठी. म्हणून एका कैद्याचे वेगवेगळ्या कचेऱ्यांतले कागद एका पाकिटात मिळतात, आणि एखाद्या गावातल्या ज्यू वस्तीचं चित्र हवं असेल तर हात हलवत परत यावं लागतं.

सर्चचं आधी पाहू. नाव रोमन लिपीत टाकावं, आणि कोणत्या भाषेच्या कारकुनाने ते लिहिलं असेल याचा अंदाज बांधावा लागतो. ‘श’ हा एकच ध्वनी जर्मन कारकून एस-सी-एच अशा तीन अक्षरांनी लिहितो, पोलिश कारकून एस-झेडने, तर हंगेरियन नुसत्या एसने. ‘च’साठी जर्मन चार अक्षरं खर्च करतो, टी-एस-सी-एच, पोलिश सी-झेड, हंगेरियन सी-एस. मॉस्कोवित्झसारखं आडनाव एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन प्रकारे येणं अगदी नेहमीचं. आरोल्सनच्या मध्यवर्ती नामसूचीतली सुमारे ५ कोटी कार्डं म्हणूनच स्पेलिंगनुसार न लावता उच्चारानुसार लावलेली आहेत. ऑनलाइन शोधपेटीवर मात्र तेवढी भिस्त ठेवू नका. प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र टाकून पाहा. ज्यू वंशावळीच्या संकेतस्थळांवर चालणारा डाइच-मोकोटोफ साउंडेक्स इथे जोडीला घ्यावा. १९८५ मध्ये पूर्व युरोपीय नावांसाठीच बनवलेली ही पद्धत नावाचा सहा आकडी संकेत काढते, आणि त्यावरून संभाव्य स्पेलिंगांची यादी करता येते.

नावातही सापळे आहेत. १ जानेवारी १९३९ पासून जर्मनीत ठरावीक यादीबाहेरचं नाव असलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाला ‘इस्राएल’ आणि स्त्रीला ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं होतं. कागदावर ते दिसतं म्हणून सर्चमध्ये टाकू नका. तो शिक्का आहे, नाव नव्हे. विवाहित स्त्रीच्या आडनावापुढे ‘गेब.’ दिसलं तर पुढचं नाव माहेरचं. गॅलिशियात (आजच्या पोलंड-युक्रेनमधला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातला प्रदेश) फक्त धार्मिक विवाह झालेल्या जोडप्याची मुलं सरकारी नोंदीत आईच्या आडनावाने चढत. त्यामुळे दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात, आणि एकाच नावात ‘रेक्टे’ (खरं) किंवा ‘फाल्स’ (चुकीचं) असे शब्द घालून दोन्ही आडनावं लिहिलेली सापडतात.

सगळ्यात भरवशाची किल्ली म्हणजे जन्मतारीख. आडनाव आणि जन्मवर्ष असा जोड लावला की तीनशेची यादी चार-पाचावर येते. जन्मगाव टाकताना त्या काळचं जर्मन नाव वापरून पाहा: ल्विव शोधणाऱ्याने लेम्बर्ग, व्रोत्स्वाफ शोधणाऱ्याने ब्रेस्लाउ, वूच शोधणाऱ्याने लिट्समनश्टाट.

आता न सापडलेल्या नावाचा अर्थ. बुखेनवाल्ड आणि दाखाऊचे कागद मोठ्या प्रमाणात शाबूत राहिले, म्हणून त्या छावण्यांचे कैदी इथे ठळक दिसतात. आउशवित्झला किमान १३ लाख माणसं नेली गेली, त्यांतली सुमारे ४ लाख कैदी म्हणून नोंदवली गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना फलाटावरून थेट गॅस चेंबरकडे नेलं, त्यांना नंबर दिला नाही, त्यांचं कार्ड बनलं नाही. नोंदवलेल्यांचेही बरेच कागद छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने माघार घेताना जाळले. बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत तर येणाऱ्यांची व्यक्तिगत नोंद ठेवण्याची पद्धतच नव्हती, आणि सोव्हिएत प्रदेशात खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातलेल्यांच्या नावांच्या याद्या सहसा कुणी केल्या नाहीत. म्हणजे माणूस पूर्वेकडचा असेल, लहान मूल असेल किंवा वृद्ध असेल, तर आरोल्सनमध्ये शून्य निकाल येणं हीच अपेक्षित गोष्ट. त्यावरून ‘वाचला असेल’ असं समजणं ही या सेवेच्या वापरातली सर्वांत मोठी चूक.

या संग्रहाची खरी कमाई सर्चपेक्षा ‘ई-गाइड’ आहे. छावणीतल्या कार्डाचा नमुना तिथे पडद्यावर येतो, आणि कार्डाच्या त्या-त्या भागावर टिचकी मारली की तो रकाना काय, कोणी भरला, कधी भरला हे कळतं. उदाहरण म्हणून बुखेनवाल्डचं कैदी व्यक्तिगत कार्ड घ्या. डावीकडे नाव, जन्म, पत्ता, धर्म, जवळचा नातेवाईक. मधे बदलीचे रकाने: कोणत्या तारखेला, कोणत्या छावणीकडे. उजवीकडे अंगाचं वर्णन: उंची, बांधा, चेहरा, डोळे, नाक, तोंड, कान, दात, केस. कैद्याच्या प्रकारापुढे ‘पोलिट. यूडे’, म्हणजे राजकीय कैदी, ज्यू. एखाद्या कोपऱ्यात ‘होलेरिथ एरफास्ट’ असा शिक्का: या कार्डाची माहिती पंचकार्डावर चढली. संक्षेप पाठ करून ठेवावेत. ‘युबरश्ट.’ म्हणजे दुसरीकडे पाठवला, ‘एन्टल.’ म्हणजे सोडला, ‘फेरश्ट.’ म्हणजे मेला. घाईत पहिला आणि तिसरा यांत गफलत झाली की एका माणसाचं अख्खं चरित्र उलटं होतं.

त्याच पाकिटात एफेक्टन कार्डही, म्हणजे कैद्याकडून काढून घेतलेल्या वस्तूंचं कार्डही, असू शकतं. टोपी, कोट, पँट, बनियन, बुटांचे जोड, मोजे असे छापील रकाने, प्रत्येकापुढे नग, आणि खाली कैद्याची सही. आउशवित्झहून हलवलेल्या ज्यू कैद्यांचे हे रकाने सहसा कोरे, कारण काढून घ्यायला काही उरलेलंच नव्हतं. आरोल्सनमध्ये जपून ठेवलेली आणि घरच्यांना परत दिली जाणारी घड्याळं, अंगठ्या, पाकिटं बहुतांशी इतर कैद्यांची आहेत, ते याचमुळे. ज्यू कुटुंबाने तिथून वस्तू मिळण्याची आशा फारशी धरू नये.

कैदी क्रमांकावरून ओळख पक्की करू नका. बुखेनवाल्डमध्ये मेलेल्या किंवा हलवलेल्या कैद्याचा नंबर नव्या कैद्याला दिला जाई. नंबर आणि तारीख असा जोड असेल तरच तो कामाचा.

मृत्यूच्या नोंदींबाबत तर दुप्पट सावध राहावं. छावणीच्या दाखल्यावरचं ‘हृदयक्रिया दुर्बल’सारखं कारण बहुधा कारकुनी थाप असतं. वंशावळींमध्ये वारंवार दिसणारी ८ मे १९४५ ही मृत्युतारीखसुद्धा मृत्यूची नव्हे. वारसाहक्क आणि भरपाईसाठी न्यायालयाने बेपत्ता माणसाला मृत घोषित करताना युद्धसमाप्तीचा दिवस धरला, एवढाच तिचा अर्थ. याद्यांमधले ‘एव्हाकुइर्ट’ (हलवले) किंवा ‘उनबेकान्ट फेरत्सोगन’ (पत्ता न देता गेले) हे शब्दही असेच सोवळे.

संग्रहाच्या झाडाला आकडी फांद्या आहेत. १ मध्ये कैद आणि छळ, २ मध्ये परदेशी मजुरांच्या नोंदी, ३ मध्ये युद्धानंतरचे विस्थापित, ६ मध्ये शोधखात्याचं स्वतःचं कामकाज. नावाने काही हाती लागलं नाही तर १.२.१ मध्ये जाऊन गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) ज्यूंच्या रवानगीच्या याद्या पानोपान चाळाव्यात. बर्लिनहून पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ला वूचकडे सुटली. बर्लिनच्या याद्यांत नाव, जन्म, धंदा, विवाहित की अविवाहित, काम करू शकतो की नाही, राहता पत्ता असे रकाने असतात. एकाच पत्त्यावर ओळीने सहा-सात वेगवेगळी आडनावं दिसली तर ते बहुधा ‘ज्यू घर’: घरं खाली करून कुटुंबांना जिथे कोंबलं ती इमारत. हे सर्चमधून कधीच कळत नाही, पान उघडूनच कळतं.

वाचलेल्यांसाठी फांदी ३ सोन्यासारखी. सीएम-१ या मदत-अर्जात विस्थापिताने आधीची राहण्याची ठिकाणं, नोकऱ्या, शिक्षण, येणाऱ्या भाषा आणि कुठे जायचंय ते सांगितलेलं असतं. युद्धापूर्वीचं आयुष्य या संग्रहात सर्वांत जास्त इथेच डोकावतं. मात्र हा अर्जदाराचा कागद आहे. व्हिसा मिळावा, विस्थापितांच्या छावणीत जागा मिळावी म्हणून वय, गाव, धंदा बदलून सांगणारे पुष्कळ होते. दोन कागदांत दोन जन्मवर्षं दिसली तर दोन माणसं समजण्याची घाई करू नका.

युद्धापूर्वीच्या जगासाठी ही सेवा अपुरी आहे, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नको. जर्मन ज्यूंसाठी सुरुवात जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन ‘गेडेंकबुख’पासून (स्मरणग्रंथापासून) करावी. जन्मतारीख, जन्मगाव, राहतं गाव, रवानगीचा दिवस एका ओळीत मिळतो, आणि तीच तारीख घेऊन आरोल्सनमध्ये यावं. इस्रायलमधल्या याद वाशेम या स्मारकसंस्थेच्या नामसंग्रहात सुमारे ५० लाख नावं आहेत. त्यातली ‘साक्षपत्रं’ नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आठवणीतून भरलेली असल्याने वर्षं अदमासे असतात आणि एकाच माणसाची तीन-तीन पत्रंही निघतात. पण कागदच नसलेल्या पूर्वेकडच्या गावांसाठी त्याला पर्याय नाही. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या कुटुंबाचं घरदार, धंदा, मालमत्ता हवी असेल तर पोट्सडामच्या ब्रांडेनबुर्ग राज्य अभिलेखागारातल्या अर्थखात्याच्या फायली पाहाव्यात. रवानगीआधी प्रत्येकाकडून भरून घेतलेल्या मालमत्तापत्रकात खुर्च्या, उशा, पडदे, भांडी नगाने मोजलेली आहेत. मागे थकीत भाड्यासाठी घरमालकाचं आणि बिलासाठी गॅस कंपनीचं पत्रही जोडलेलं सापडतं, दोन्ही जप्त पैशातून वसुली मागणारी.

आरोल्सनला विनंतीअर्ज करणं हा शेवटचा टप्पा. शुल्क नाही, पण उत्तराला काही महिने धरून चाला. अर्जात सगळी स्पेलिंगं, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, शेवटचा ठाऊक पत्ता द्या. नामसूचीच्या कार्डावर ‘टी/डी’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो आवर्जून लिहा. तो युद्धोत्तर पत्रव्यवहाराच्या फायलीचा क्रमांक असतो, आणि शोध घेणाऱ्या दुसऱ्या नातेवाइकाचं पत्र अनेकदा त्याच फायलीत दडलेलं असतं.

स्कॅन उतरवून घेताना फाइलच्या नावातच संग्रहाचा आकडा आणि कागदाचा क्रमांक घाला, उदाहरणार्थ आधी १.१.५.३, मग कागदाचा क्रमांक. नुसती लिंक जपून ठेवू नका. संकेतस्थळ बदललं तर लिंक मरते, क्रमांक चालू राहतो. कार्डाची मागची बाजूही त्याच वेळी घ्या. बदल्यांच्या तारखा आणि पेन्सिलीतली टिपणं बऱ्याचदा तिथेच असतात.