आर्कोना की डोर्नबुश? एकच दिवस हातात असेल तर

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर र्‍युगेन बेटाला गेलात की दीपगृहांचा प्रश्न येतोच. बेटाच्या उत्तर टोकाला काप आर्कोना, आणि पश्चिमेला शेजारच्या चिंचोळ्या हिडनझे बेटावर डोर्नबुश.

आर्कोनाला दोन दीपगृहं शेजारी-शेजारी उभी आहेत. वास्तुरचनाकार शिंकेलच्या नावाने ओळखला जाणारा चौकोनी विटांचा बुरूज 1827 चा, आणि त्याच्या जागी 1905 मध्ये सुरू झालेला 35 मीटर उंच गोल मनोरा. जवळच स्लाव लोकांच्या यारोमार्सबुर्ग किल्ल्याचे मातीचे तट आहेत. तिथलं स्वांतेवित देवाचं मंदिर डेन्मार्कच्या सैन्याने 1168 मध्ये पाडलं. कडा मऊ खडूचा, त्यामुळे समुद्र तो सतत खातो आणि किल्ल्याचा मोठा भाग असाच पाण्यात गेला आहे. गाडी मात्र पुटगार्टन गावातच ठेवावी लागते. पुढे चालत किंवा छोट्या पर्यटक-गाडीने. गर्दीही भरपूर.

हिडनझेवर खासगी मोटारींना बंदीच. शापरोडेहून बोटीने जायचं, क्लोस्टरला उतरायचं आणि सायकल नाहीतर पायी चढण. 1888 चं दीपगृह 28 मीटरचं, पायऱ्या 102. जोराचा वारा असेल तर वर सोडत नाहीत, हे आधी बघून घ्या. वरून अख्खं बेट नकाशासारखं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर डेन्मार्कचं म्योन बेटसुद्धा.

इतिहासात रस असेल तर आर्कोना. पण नुसता देखावाच हवा असेल, तर बोटीचा खर्च सोसून मी डोर्नबुशच म्हणेन. फक्त परतीची बोट चुकवू नका.