बूस्ट वाढवायचाय: आधी छोटी पुली की आधी मोठा इंटरकूलर?

सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) असलेल्या गाडीत बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवायचा म्हटलं की हात आधी सुपरचार्जरच्या छोट्या पुलीकडे जातो. ७५ मिमीच्या जागी ६८ मिमीची पुली बसवली की त्याच आरपीएमला सुपरचार्जर साधारण १० टक्के जास्त वेगाने फिरतो. काम सोपं, फरक लगेच जाणवतो. पण हवा जास्त दाबली की तापतेही जास्त. मग नॉक (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) होऊ लागला की नॉक सेन्सरला चाहूल लागते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि गेजवर बूस्ट वाढूनही चाकाला ताकद पोचत नाही. छोट्या पुलीवर बेल्टची पकडही कमी. तो घसरला की वरच्या आरपीएमला बूस्टचा काटा चक्क खाली येतो.

इंटरकूलर ही दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करतो. मोठा इंटरकूलर म्हणजे तसा कंटाळवाणा खर्च. गेजवर बूस्ट उलट किंचित कमीच दिसू शकतो! पण हवा थंड म्हणजे दाट. टायमिंग टिकतं, गाडी तापल्यावरही तशीच ओढते.

मी आधी इंटरकूलरच घेईन. पुलीनंतर मात्र ट्यून केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूची इंधन-टायमिंगची सेटिंग जुळवल्याशिवाय, गाडी दाबू नका. डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून पूर्ण थ्रॉटलला मिश्रण बघा, पेट्रोलवर एक भाग इंधनाला हवेचे ११.५ ते १२ भाग, याच्या आसपास हवं. आरपीएम चढताना ते १३ कडे सरकायला लागलं, म्हणजे इंधन कमी पडू लागलं, तर पाय लगेच उचला: इंजेक्टर किंवा फ्युएल पंप बहुतेक पुरा पडत नाहीये.