आठ महिन्यांनंतर: हवा उत्तम सांभाळणारा, पण स्वतःचा पत्ता चुकीचा दाखवणारा कंट्रोलर

इमारतीतील बावीस एएचयूंवर (वातानुकूलनाची हवा हाताळणाऱ्या यंत्रांवर) हा कंट्रोलर बसवून आता आठ महिने झाले. त्याचे इनपुट-आउटपुट किती आणि पडदा केवढा हे माहितीपत्रकात आहेच, त्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. तापमान राखण्याच्या कामात त्याने एकदाही निराश केलेले नाही. सेन्सरचे वाचन स्थिर असते, व्हॉल्व्ह उगाच उघडझाप करत नाही आणि वीज गेली तरी वेळापत्रक शाबूत राहते. तरीही हा अनुभव लिहावासा वाटला तो गेल्या महिन्यातील बिघाडामुळे. त्याचे मूळ एका अगदी छोट्या गोष्टीत निघाले, आणि तिच्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या.

दोन जुने कंट्रोलर एकाच दिवशी बदलले. नव्यांना पडद्यावरून १४ आणि १५ हे पत्ते, म्हणजे सामायिक लाइनवरचे त्यांचे ओळख क्रमांक, दिले, ते जतन केले, मेनूत परत जाऊन आकडे बरोबर दिसतात याची खात्री केली आणि पॅनेल बंद केले. अर्ध्या तासात बीएमएसवर (इमारतीच्या मध्यवर्ती नियंत्रण प्रणालीवर) सर्वच कंट्रोलर आळीपाळीने ऑफलाइन होऊ लागले. पुरवठादाराच्या सेवा विभागाने पहिल्याच फोनवर दोष वायरिंगचा असल्याचे सांगितले आणि तपासणीसाठी भेटीचे वेगळे शुल्क मागितले. ज्या उपकरणाची हमी अजून चालू आहे, त्याच्या तपासणीसाठी पैसे मोजणे मला पटले नाही आणि आजही पटत नाही, म्हणून मी स्वतःच शोध घ्यायचे ठरवले.

येथे मला माझे मत काहीसे बदलावे लागले, कारण वायरिंगमध्ये खरोखरच एक चूक होती आणि ती माझी होती. सर्व कंट्रोलरचा पुरवठा बंद करून त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या आरएस-४८५ या संदेशवाहक लाइनच्या दोन तारांमधला रोध मोजला. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असेल तर वाचन साधारण ६० ओहम यायला हवे, पण ते ४० च्या आसपास येत होते. याचा अर्थ कुठेतरी तिसरा रेझिस्टर जोडलेला होता. नव्या कंट्रोलरमधील टर्मिनेशनचा जम्पर (हा टोकाचा रेझिस्टर लाइनला जोडणारा छोटा जोड) कारखान्यातूनच बसवलेला येतो, आणि लाइनच्या मध्यावर असलेल्या एका कंट्रोलरमधून तो मी काढलाच नव्हता. सेवा विभागाला मी फोनवर जे सुनावले, त्यातला काही भाग अन्यायाचा होता हे मान्य करतो. जम्पर काढल्यावर लाइन सुधारली, पण पूर्ण स्थिरावली नाही.

खरे कारण दुसऱ्या रात्री सापडले. लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर जोडून लाइनवरची देवाणघेवाण वायरशार्क या संदेश उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिली, तेव्हा १४ आणि १५ हे पत्ते तेथे कोठेच नव्हते. उलट, मी कोणालाही न दिलेला १ हा पत्ता टोकनला (बोलण्याची पाळी देणाऱ्या संदेशाला) उत्तर देत होता आणि त्याच्या बहुतेक फ्रेम, म्हणजे संदेश, मोडक्या येत होत्या. नवा पत्ता जतन केल्यावर या कंट्रोलरचा पुरवठा एकदा तोडून पुन्हा द्यावा लागतो. तोपर्यंत तो कारखान्यातल्या जुन्या पत्त्यावरच बोलत राहतो, पण पडद्यावर मात्र नवा पत्ता दाखवतो. दोन्ही नवे कंट्रोलर १ या एकाच पत्त्यावर बसले होते आणि त्यांना टोकन मिळताच दोघे एकाच वेळी बोलू लागत. एमएस/टीपीवर, म्हणजे या लाइनवर वापरल्या जाणाऱ्या टोकन-पद्धतीवर, अशा वेळी टोकन हरवते, लाइन सुमारे अर्धा सेकंद शांत राहते आणि मग कोणीतरी नवे टोकन निर्माण करते. हे सतत घडत राहिले की ज्यांचा काहीही दोष नाही असे वीस कंट्रोलरही ऑफलाइन दिसू लागतात.

पुरवठा बंद-चालू करण्याची ही अट पुस्तिकेत आहे, पण ती परिशिष्टातील एका तळटीपेत आहे. माझा आग्रह एवढाच आहे की पडद्यावर जतन केलेला पत्ता आणि चालू असलेला पत्ता असे दोन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. त्यासाठी कोणताही नवा सुटा भाग लागणार नाही. लाइनवरची नोंद पुराव्यासह पाठवली, तेव्हा पुरवठादाराने मुद्दा मान्य केला आणि शुल्काचा विषय पुन्हा काढला नाही.

जोडणीच्या बाकीच्या बाबींत एक सापळा सांगण्याजोगा आहे. हा कंट्रोलर बॅकनेटचा (इमारतीतील उपकरणांच्या संवादाच्या प्रमाणित पद्धतीचा) डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे संपूर्ण जाळ्यातला स्वतःचा क्रमांक, पत्त्यावरून आपोआप ठरवतो. एकाच लाइनवर ते सोयीचे आहे, पण दुसऱ्या लाइनवरही ५ क्रमांकाचा कंट्रोलर असेल तर इन्स्टन्स दुहेरी होतो, आणि तो तर संपूर्ण जाळ्यात एकमेव असायला हवा. ० ते ४१,९४,३०२ एवढी मोठी मर्यादा उपलब्ध असताना तो हाताने भरण्याचा आळस करू नये. बॉड रेट (लाइनवरच्या संदेशांचा वेग) आपोआप ओळखण्याची सोय मात्र निर्दोष चालते. आमची लाइन ३८,४०० वर आहे आणि एकाही कंट्रोलरला तो आकडा सांगावा लागला नाही.

प्रवेशाच्या व्यवस्थेबद्दल सुरुवातीला माझे मत वाईट होते. पाच मिनिटे हात लावला नाही की तंत्रज्ञाची पातळी बंद होते आणि चार आकडी पिन पुन्हा द्यावा लागतो, याचा बसवणीच्या काळात फार त्रास झाला. तिसऱ्या महिन्यात मात्र एका मजल्यावर कोणीतरी सेटपॉइंट (राखायचे तापमान) बदललेला आढळला, आणि तेथे पुस्तिकेत छापलेला मूळ पिनच चालू होता. तेव्हापासून प्रत्येक कंट्रोलरचा पिन बदललेला आहे आणि ही पाच मिनिटांची मर्यादा मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. मात्र पिन फक्त पडद्याचे रक्षण करतो हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण एमएस/टीपी लाइनवरून येणाऱ्या लेखनाला कोणताही पासवर्ड विचारला जात नाही. म्हणून लाइनपर्यंत पोहोचणाऱ्या पॅनेलला कुलूप हवे, आणि राउटरचे ४७८०८ हे बॅकनेटचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये. पिन विसरल्यास फॅक्टरी रीसेट हाच एक मार्ग उरतो. त्यात पत्ताही पुसला जातो आणि कंट्रोलर पुन्हा १ वर येतो, ही मला या उपकरणातली दुसरी गंभीर उणीव वाटते.

पुढच्या टप्प्यात आणखी चार कंट्रोलर लागणार आहेत आणि तेही मी याच मॉडेलचे घेणार आहे. ते एकेक करून जोडले जातील, प्रत्येकाचा पुरवठा बंद-चालू केला जाईल, आणि लाइनवर नवा पत्ता प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पुढच्याला हात लावला जाणार नाही.