आरसी ट्रकचं मागचं सस्पेन्शन: पाटे, चार लिंका की ट्रेलिंग आर्म?

१/१० मापाच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकला मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग आस, ठेवायचा हे ठरलं असेल, तर तो चासीला धरून ठेवायचे तीन मार्ग समोर येतात.

दिसायला पाट्यांना (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगना) तोड नाही. टामियाच्या १९८५ च्या ब्रूझरचा रुबाब त्यातच होता. काम सोपं: पुढे पिन, मागे शॅकल (झुलता दुवा), मध्ये ॲक्सल आवळणारे यू-बोल्ट, वेगळ्या लिंका (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्या) लागत नाहीत. घोळ मापाचा आहे. गाडी दहापट लहान केली की वजन हजारपटीने घटतं, पाट्याचा ताठपणा मात्र दहापटच. म्हणून रिकाम्या ट्रकचा पाटा दगडावर दबतच नाही, चाक अधांतरी राहतं. एखादं पान (पट्टी) काढलं की लवचिकता येते, पण मग जोराचा थ्रॉटल दिला की पाटा पिळवटतो आणि ॲक्सलचं नाक (शाफ्ट जोडतो ते पुढचं टोक) वर होतं.

दगडधोंड्यांत चढवायचा असेल तर माझं मत सरळ चार लिंकांना. खालच्या दोन जवळजवळ सरळ, वरच्या दोन इंग्रजी व्हीसारख्या तिरक्या. ॲक्सलला आडवं सरकू न देण्याचं काम हा व्ही करतो. चारही समांतर ठेवल्या तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चासीशी आडवा बांधणारा दांडा) जोडावाच लागतो. ॲक्सलवर वरच्या-खालच्या लिंकांत उभं अंतर जितकं जास्त, तितका मोटरच्या पिळाचा लिंकांवरचा ताण कमी. बाजूने पाहताना लिंका चासीकडे फारच एकवटत असतील, तर चढावर थ्रॉटल देताच मागचा भाग उचलतो आणि गाडी उड्या मारते. यावर उपाय हाताशी आहे: चासीच्या पट्टीवर एकाखाली एक तीन-चार छिद्रं पाडून ठेवा, वरची लिंक एक छिद्र वर-खाली केली की फरक लगेच कळतो. लिंकेसाठी एम३ आट्यांची सळई, तिच्यावर ॲल्युमिनियमची नळी आणि टोकांना रॉड एंड (फिरत्या गोळीचे सांधे). एंड फिरवला की लांबी बदलते, त्यासोबत पिनियनचा (शाफ्टला जोडलेल्या ॲक्सलमधल्या गिअरचा) कोनही. पाट्यांत ही मुभा नाही.

ट्रेलिंग आर्म ही मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात धावणाऱ्या ट्रॉफी ट्रकची (शर्यतीच्या ट्रकची) तऱ्हा. खालची लिंक जाडजूड, आणि शॉकअप ॲक्सलऐवजी त्या लिंकेवर. बरोबर मध्यावर बसवला तर शॉकअप २० मिमी दबताना ॲक्सल ४० मिमी चालतो. फुकटचा प्रवास वाटतो ना? पण चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा चौथाई होतो, म्हणजे स्प्रिंग चौपट कडक घ्यावी लागते. शिवाय उडीचा सगळा मार लिंकेच्या मधोमध बसतो. साधी सळई वाकणारच. वेगात उडवायचा नसेल तर या भानगडीत पडू नका.

ओझं लादून शांतपणे ट्रेलर ओढायचा असेल, तर मात्र पाटेच बरे.

काहीही निवडा, ड्रिल हातात घेण्याआधी ॲक्सल पूर्ण दाबून आणि पूर्ण लटकवून बघा: एका टोकाला मोटरकडून ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट अडकतो, दुसऱ्या टोकाला निसटतो.