वृक्षओळख की वनशास्त्र : कोणता अभ्यास आपल्यासाठी?

झाडांची मनापासून ओढ असलेल्या माणसासमोर कधी ना कधी दोन वाटा येतात. एक वाट वृक्षओळखीची : समोरचे झाड कोणते, ते कोणत्या कुळातले, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडापासून ते वेगळे कसे काढायचे, हे शिकण्याची. दुसरी वाट वनशास्त्राची : झाडांचा समूह कसा उभा राहतो, किती वेगाने वाढतो, त्यातून काय आणि किती काढता येते आणि काढल्यावर तो पुन्हा कसा उभा राहतो, हे शिकण्याची. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात आणि त्यामुळे पुष्कळ जण एकीच्या अपेक्षेने दुसरीत शिरतात. फुलापानांच्या प्रेमापोटी वनशास्त्राच्या पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात लवकरच सांख्यिकी, मृदाशास्त्र आणि सर्वेक्षण येते. उलट जंगल टिकावे या तळमळीने झाडांची नावे शिकणाऱ्याला काही काळाने जाणवते की, नाव कळले तरी त्या जंगलात नवी रोपे का वाढत नाहीत, हे आपल्याला अजून सांगता येत नाही. निवड करण्यापूर्वी दोन्हींचे रोजचे काम जवळून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

एकच ऐन, दोन नजरा

ऐनाच्या झाडासमोर दोघेही उभे आहेत असे समजू. वृक्षओळख शिकणारा आधी साल पाहील : काळपट, जाड, खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, सुसरीच्या पाठीसारखी. मग तो पान उलटे करून देठाजवळ मध्यशिरेच्या बुडाशी असलेल्या बारीक ग्रंथी भिंगाखाली शोधील. एवढ्यावर त्याचे काम संपत नाही, कारण अर्जुन हा ऐनाचाच भाऊबंद आहे. देठाजवळच्या ग्रंथी त्याच्याही पानांवर असतात आणि फळालाही तसेच पाच पंख असतात. फरक हवा असेल तर अर्जुनाची फिकट, गुळगुळीत, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी साल पाहावी लागते. आणि खाली पडलेले फळच फक्त हाताशी असेल, तर पंखावरच्या रेषा पाहाव्या लागतात. ऐनाच्या फळात त्या अक्षापासून कडेपर्यंत जवळजवळ आडव्या जातात, अर्जुनाच्या फळात त्या वरच्या बाजूला वळतात. इतक्या बारीक खुणेवर निर्णय येऊन ठेपतो, आणि ती खूण नेमकी सापडते तेव्हा होणारा आनंद हेच या अभ्यासाचे खरे इंधन आहे.

वनशास्त्राचा विद्यार्थी त्याच झाडाला टेप गुंडाळील. माप छातीच्या उंचीवर घ्यायचे असते; ही उंची काही देशांत 1.3 मीटर, तर भारतासह इतर काही देशांत 1.37 मीटर धरतात, आणि झाड उतारावर असेल तर ती चढाच्या बाजूने मोजतात. घेरावरून व्यास आणि व्यासावरून खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ काढले जाते. 40 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचे ते सुमारे 0.126 चौरस मीटर भरते. त्यानंतर मात्र त्याची नजर ऐनावरून उठून आजूबाजूला फिरते. खाली ऐनाची रोपे किती आहेत, ती कोणत्या वयाची आहेत, वरून उजेड पुरेसा येतो का, जुन्या तोडीच्या बुंध्यांना नवे फुटवे आले आहेत का, गुरांनी शेंडे खाल्ले आहेत का, या गोष्टी तो टिपून ठेवतो. एक झाड त्याच्या दृष्टीने नमुन्यातला एक आकडा असते. हा शब्द रुक्ष वाटेल, पण त्या आकड्यांच्या आधारेच शेकडो हेक्टरांच्या जंगलाबद्दल जबाबदारीने बोलता येते.

मोजणीतही सौंदर्य असते, हे दाखवणारी एक पद्धत ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिख यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मांडली. डोळ्यापासून 50 सेंटिमीटर अंतरावर 1 सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरायची, एका जागी उभे राहून स्वतःभोवती पूर्ण फेरा घ्यायचा आणि छातीच्या उंचीवर ज्यांची खोडे पट्टीपेक्षा रुंद दिसतात तेवढीच झाडे मोजायची. सपाट जमिनीवर अशी 20 झाडे भरली, तर तिथे दर हेक्टरी खोडांचे एकूण छेदक्षेत्र सुमारे 20 चौरस मीटर आहे. एकाही झाडाला टेप न लावता हे उत्तर येते. ही युक्ती का चालते हे भूमितीने समजून घ्यावेसे ज्याला वाटते, त्याने वनशास्त्राला घाबरण्याचे काही कारण नाही.

शिकण्याची रीत

वृक्षओळखीचा दरवाजा सर्वांसाठी उघडा आहे. वय, पदवी, गणिताची तयारी यांची अट नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, वही आणि आपल्या भागातील वनस्पतींचे एक विश्वासार्ह पुस्तक एवढ्यावर सुरुवात होते. अडचण पहिल्याच पायरीवर येते, ती म्हणजे पान कशाला म्हणायचे ही. कडुनिंबाची जी दातेरी, वाकडी पाती आपण पान म्हणून तोडतो, ती प्रत्यक्षात पर्णिका, म्हणजे मोठ्या पानाचा एक भाग असते. तिच्या बुडाशी कळी नसते, तर संपूर्ण संयुक्त पान जिथे फांदीला जुळते त्या बेचक्यात कळी असते. ही एक तपासणी अंगवळणी पडली की, एकदाच विभागलेले पान असलेला कडुनिंब आणि दोनदा किंवा त्याहून अधिक वेळा विभागलेल्या पानांचा बकाण निंब यांत गोंधळ उरत नाही. त्यानंतर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, चीक येतो का, उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानासारखी अंगे आहेत का, असे प्रश्न विचारायचे. पळस आणि पांगारा या दोघांचीही पाने तीन पर्णिकांची असतात. पळसाची पर्णिका चामड्यासारखी जाड आणि खरखरीत लागते, पांगाऱ्याची पातळ असते आणि त्याच्या फांद्यांवर काटे असतात.

खरी कसोटी ऋतूंची आहे. कार्ल लिनीयस यांनी 1753 मध्ये दोन शब्दी नावांची पद्धत वनस्पतींना सरसकट लावली आणि वर्गीकरणासाठी फुलांच्या भागांवर भर दिला, कारण पानाचा आकार झाडाच्या वयाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे बदलतो, फुलाची रचना फारशी बदलत नाही. पण फूल वर्षातून काही दिवसच भेटते. म्हणून एखादे झाड ओळखता येते असे म्हणायचे असेल, तर ते निष्पर्ण असताना, पालवीत, बहरात आणि फळे धरलेली असताना पाहिलेले असावे लागते, आणि या वेळापत्रकाला घाई चालत नाही. जगात झाडांच्या सुमारे 60 हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत; कोणी एकटा त्या सर्व शिकत नाही, आणि एका परिसरातील शे-दोनशे जाती पक्क्या येणे ही फार मोठी मिळकत आहे.

मोबाइलवरील अॅपबद्दल इथेच सांगणे योग्य. प्लांटनेट किंवा आयनॅचरलिस्ट यांसारखी साधने छायाचित्रावरून शक्य नावे सुचवतात आणि नवशिक्याचा शोध दहा-पाच जातींपर्यंत आणून ठेवतात, हा मोठाच लाभ आहे. मात्र चीक, वास, पानाचा स्पर्श, सालीच्या आतला रंग या गोष्टी छायाचित्रात येत नाहीत. सुचवलेले नाव हा शोधाचा आरंभ मानावा आणि वनस्पतिकोशातील द्विभाजक किल्ली, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोनांपैकी एक लक्षण निवडत नावापर्यंत नेणारी सारणी, स्वतः वापरून ते नाव पडताळावे. फ्रान्सच्या लामार्क यांनी 1778 मध्ये रूढ केलेली ही रीत आजही उपयोगी आहे, कारण ती आपल्याला लक्षण पाहायला भाग पाडते. जुने कोश वापरताना नावे बदललेली असतील, हे ध्यानात ठेवावे. बाभूळ आणि खैर पूर्वी दोन्ही अकेशिया होते, आता बाभूळ वाचेलिया आणि खैर सेनेगालिया प्रजातीत गेला आहे. साग निर्गुडीच्या जुन्या कुळातून तुळशीच्या कुळात आणि काटेसावर जास्वंदीच्या कुळात गणली जाते.

वनशास्त्राची शिकवण अशी एकट्याने पुढे जात नाही. विरळणी केल्यावर, म्हणजे दाटीतली काही झाडे काढल्यावर, उरलेली झाडे किती जाड होतात, हे पाहायला प्रयोगाचे क्षेत्र, परवानगी, आधीच्या नोंदी आणि अनेक वर्षे लागतात. माणूस जंगलाच्या ज्या भागात काम करतो तो बहुधा त्याच्या आधीच्या कुणीतरी लावलेला किंवा राखलेला असतो, आणि त्याच्या निर्णयाचे फळ त्याच्या नंतरच्यांना दिसते. जर्मनीतल्या सॅक्सनीतील खाणींचे प्रशासन पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी 1713 मध्ये, धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले असताना, जेवढे वाढते तेवढेच तोडावे असा विचार मांडला. या शास्त्राची मूळ प्रेरणा अशी टंचाईतून आली आहे. म्हणून इथे जीवशास्त्राइतकाच वाटा मोजमाप, अर्थशास्त्र, कायदा आणि जंगलावर जगणाऱ्या लोकांशी होणाऱ्या वाटाघाटींचा असतो. ज्याला माणसांपासून दूर झाडांत राहायचे आहे, त्याने ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण वनाधिकाऱ्याचा बराच वेळ माणसांमध्येच जातो.

तरीही या शास्त्राचा गाभा मला अत्यंत जिवंत वाटतो. सालवृक्षाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर गळते आणि त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. पाऊस लांबला तर त्या वर्षीचे बहुतेक बी वाया जाते. सागाचे उलट : त्याचे फळ कठीण कवचाचे, उगवायला वेळ घेणारे, आणि रोपाला भरपूर उजेड लागतो, दाट सावलीत ते खुरटते. या दोन झाडांच्या जंगलांना एकच नियम लावून चालत नाही, हे कळण्यासाठी झाड ओळखणे अपुरे आहे आणि झाड न ओळखता ते कळणेही शक्य नाही.

दोन्ही जिथे एकत्र येतात

हे नाते दीट्रिख ब्रँडिस यांच्या कामात स्पष्ट दिसते. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1856 मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा रानातून हत्तीवरून जाताना ते काठ्यांवर खाचा पाडून सागाची झाडे जाडीच्या वर्गांप्रमाणे मोजत आणि त्या मोजणीवरून वर्षाला किती झाडे तोडता येतील हे ठरवत. 1864 मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि आयुष्याच्या अखेरीस, 1906 मध्ये, त्यांनी भारतातील वृक्षांवरचा जाडजूड ओळखग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र त्यांच्या काळातील वनव्यवस्थेने रानावर जगणाऱ्या समाजांचे हक्क आकुंचित केले, हेही या शास्त्राच्या विद्यार्थ्याने सोबत वाचले पाहिजे.

निवड करताना

नोकरी, घरसंसार किंवा अन्य शिक्षण सांभाळून झाडांच्या सहवासात राहायचे असेल, तर वृक्षओळख निःसंशय निवडावी. ती कोणत्याही वयात सुरू होते, मध्येच थांबली तरी मोडत नाही आणि तिला संस्थेची गरज नसते. निसर्गशिक्षण, जैवविविधता नोंदणी किंवा उद्यानांची देखभाल यांत काम करणाऱ्यालाही तिचाच उपयोग अधिक होईल. वर्गीकरणात खोल जायचे असेल, तर पदवी वनस्पतिशास्त्राची घ्यावी, वनशास्त्राची नव्हे. हा फरक प्रवेश घेताना वारंवार दुर्लक्षित राहतो. रोपवाटिका, वनव्यवस्थापन, कर्बमोजणी (झाडांत किती कार्बन साठला आहे याचे मोजमाप), उजाड जमिनीवर पुन्हा जंगल उभे करणे अशा क्षेत्रांत निर्णय घेण्याची जबाबदारी हवी असेल, तर वनशास्त्राला पर्याय नाही, आणि त्यासाठी काही वर्षांचे नियमित शिक्षण स्वीकारावे लागेल.

ज्याचे मन अजून ठरत नाही, त्याने वृक्षओळखीपासून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वनशास्त्रात पुढे तीच पायाभूत ठरते : जात चुकली, तर झाडातून किती लाकूड मिळेल हे सांगणारे घनफळाचे कोष्टक चुकते आणि त्यावर बेतलेली तोडही चुकते. त्यासोबत, जिथे जाण्याची परवानगी आहे अशा झाडीचा 20 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद तुकडा निवडून वर्षभर पाहावा. त्यातील प्रत्येक झाड ओळखावे, छातीच्या उंचीवरचा घेर वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस मोजावा, पालवी व फुलांच्या तारखा टिपाव्यात आणि गुडघ्याएवढी रोपे पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यानंतर मोजून किती टिकली ते पाहावे. वर्षाअखेरीस वही उघडल्यावर न ओळखलेल्या त्या दोन-तीन झाडांनी बेचैन केले, तर वृक्षओळखीत पुढे जावे. आणि रोपांचा आकडा निम्म्यावर का आला या प्रश्नाने बेचैन केले, तर वनशास्त्राच्या प्रवेशाची चौकशी सुरू करावी.